कोंडा आणि खवले

तंजावर म्हटले म्हणजे महाराष्ट्रातील माणसाच्या मनात व्यंकोजीराजांचे घराणे, सरस्वती महालातील पोथ्या आणि बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर ही चित्रे उभी राहतात. थोडा अधिक जाणकार असेल तर तो कावेरीच्या कालव्यांची आणि क्षितिजापर्यंत पसरलेल्या भातशेतीची आठवण काढील. परंतु तंजावर जिल्ह्याला समुद्रही आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. जिल्ह्याची दक्षिणेकडील कड पाल्कच्या उपसागराला भिडलेली आहे आणि अदिरामपट्टिणम, मल्लिपट्टिणम, सेतुबावाछत्रम ही त्या कडेवरची मासेमारीची गावे आहेत. मल्लिपट्टिणमच्या जवळच सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास उभारलेला 'मनोरा' नावाचा आठ मजली बुरूज आहे. नेपोलियनचा पाडाव झाल्याच्या निमित्ताने तंजावरच्या मराठी राजाने तो बांधावा, हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोद म्हणावयाचा. पण तो विषय वेगळा. मला आज बोलावयाचे आहे ते त्या बुरुजाच्या पायथ्याशी किनाऱ्याला लागणाऱ्या होड्यांतून जे उतरते त्याविषयी. आणि त्यातही मासळीविषयी नव्हे, तर मासळी साफ केल्यानंतर जे मागे उरते त्याविषयी.

मासा घेणाऱ्याला हवे असते त्याचे मांस. डोके, कणा, पर, खवले, कातडी आणि आतडी ही विळीच्या खाली साचत जातात. घरगुती व्यवहारात हे सगळेच वाया जाते असे मात्र नाही. कोकणात काय आणि तमिळनाडूत काय, मोठ्या माशाचे डोके ही कालवणातील मानाची वस्तू आहे, आणि ते कोणाच्या पानात पडावे यावरून घराघरांतून रुसवेफुगवे झालेले आहेत. खरा प्रश्न उत्पन्न होतो तो कारखान्यात. कोळंबी सोलून परदेशी धाडावयाची म्हटले की तिच्या वजनाचा चाळीस ते पन्नास टक्के भाग डोके आणि कवच यांच्या रूपाने बाजूला पडतो. माशाचे बिनकाट्याचे काप काढावयाचे तर जातीप्रमाणे निम्मा किंवा त्याहूनही अधिक मासा मागे राहतो. आपल्या रत्नागिरीस राणी माशासारख्या मासळीपासून 'सुरिमी' नावाचा पांढरा लगदा तयार करण्याचा धंदा चालतो. त्यातही आत गेलेल्या मासळीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लगदा हाती येत नाही. भारताचे मत्स्योत्पादन २०२२-२३ साली सुमारे १७५ लाख टन होते. त्यातील सगळीच मासळी कारखान्यात जात नाही हे खरे. परंतु जेवढी जाते तिच्यामागे उरणाऱ्या ढिगाची कल्पना येण्यास एवढा आकडा पुरे आहे.

ह्या ढिगाला आपण सहजपणे 'टाकाऊ' म्हणतो. वास्तविक त्याच्या ओल्या वजनात दहा ते वीस टक्के शुद्ध प्रथिन असते. म्हणजे आपण ज्याला पैसे मोजतो त्या मांसाच्या तो फारसा मागे नाही. त्याच्याशी काय करावे, ह्या प्रश्नाला अलीकडच्या विज्ञानाने एक नवे उत्तर दिलेले आहे. ते असे की, ह्या प्रथिनाचे योग्य जागी तुकडे पाडले तर त्यांतील काही तुकडे मनुष्याच्या आरोग्याला उपकारक ठरतात. ह्या तुकड्यांना 'पेप्टाइड' म्हणतात, आणि ज्यांच्या ठायी असा काही गुण असतो त्यांना 'जैवक्रियाशील पेप्टाइड' असे भारदस्त नाव आहे. वर्तमानपत्रांतून आणि औषधांच्या दुकानांतून ह्या नावाचा गाजावाजा आता बराच होऊ लागला आहे. तेव्हा त्यात खरे किती आणि हवा किती, हे शांतपणे पाहावयास हवे.

प्रथिन म्हणजे काय हे समजण्यासाठी तंजावरातच हाती येणारा एक दाखला घेऊ. सरस्वती महालात मोडी लिपीतील कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. ज्यांनी मोडी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की त्या लिपीत शब्द तोडून लिहिण्याचा परिपाठ नाही. कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत अक्षरे एका रेघेवर सलग धावतात. शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने जाणावयाचे. तोड चुकली की अर्थ चुकतो, आणि तोड बदलली की एकाच ओळीतून भलताच शब्द बाहेर पडतो. प्रथिन हे असेच मोडीच्या ओळीसारखे आहे. त्याची अक्षरे म्हणजे अमिनो आम्ले. ती वीस प्रकारची. आणि शेकडो अक्षरे एकापुढे एक जोडून एक ओळ होते. ही ओळ अखंड असते तोपर्यंत तिच्या पोटातील लहान शब्द मुके असतात. ती विशिष्ट जागी तोडली की दोन, तीन, पाच, फार तर वीस अक्षरांचे तुकडे सुटे होतात, आणि त्यांतील एखादा तुकडा शरीराला समजेल असा शब्द निघतो.

शरीराला असे शब्द समजतात ह्यात नवल नाही, कारण शरीर स्वतःच ही भाषा बोलते. आपल्या रक्तातील कित्येक संप्रेरके पेप्टाइडेच आहेत. रक्तदाबाचेच पाहा. रक्तातील एका मोठ्या प्रथिनापासून दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो. तो बहुतांशी निरुपद्रवी असतो. पुढे एक विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो तो रासायनिक कारागीर, त्याच्या शेवटची दोन आम्ले छाटून टाकतो. उरलेला आठ आम्लांचा तुकडा रक्तवाहिन्यांना आकसविणारा असतो, आणि त्यायोगे रक्तदाब चढतो. दोन अक्षरे कमी झाली आणि शब्दाचा अर्थ फिरला! ह्या छाटणाऱ्या विकराचे नाव मोठे लांबलचक आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एस' म्हणतात.

आता ह्या 'एस'चा हात धरून ठेवला तर रक्तदाब आटोक्यात राहील, हे उघड आहे. त्याची युक्ती सापडली ती मात्र सापाच्या विषात. ब्राझीलमध्ये घोणसाच्या कुळातील 'जराराका' नावाचा साप आहे. त्याच्या विषावर काम करणाऱ्या सर्जिओ फेरेरा ह्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६५ साली त्यातील पेप्टाइडांचा एक विलक्षण गुण जगापुढे मांडला. ती पेप्टाइडे ह्या विकराला अडवून धरतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्यांतील नऊ आम्लांचे एक पेप्टाइड रोग्यांना देऊन पाहण्यात आले. रक्तदाब उतरला. परंतु ते टोचूनच द्यावे लागे. पोटातून दिले तर काही उपयोग होत नसे. म्हणून त्याच्या टोकाच्या आकाराची नक्कल करणारा एक लहानसा, पेप्टाइड नसलेला रेणू अमेरिकेत घडविण्यात आला. तो 'कॅप्टोप्रिल' ह्या नावाने १९८१ साली तेथे औषध म्हणून मान्य झाला, आणि त्याच्या वंशातील गोळ्या आज आपल्याकडील लक्षावधी रक्तदाबाचे रोगी रोज घेत असतात.

ही कथा मी थोडी विस्ताराने सांगितली, कारण आपल्या विषयातील आशा आणि अडचण ह्या दोन्ही तिच्यात एकवटल्या आहेत. विषात जे सापडले ते अन्नातही सापडेल काय, अशी जिज्ञासा पुढे उत्पन्न झाली. १९७९ साली जपानी संशोधकांनी जिलेटिनाचे विकराच्या साह्याने तुकडे केले आणि त्यांत 'एस'ला अडविणारी पेप्टाइडे दाखवून दिली. मग दूध, मासे, सोयाबीन अशा नाना पदार्थांची चाचपणी सुरू झाली. मासळीच्या बाबतीत जपान पुढे जाणे स्वाभाविक होते. तेथे 'कात्सुओबुशी' म्हणून वाळवून दगडासारखा टणक केलेला मासा असतो व त्याच्या किसाचे सार करतात. तो मासा आपल्याला परका नाही. त्याच जातीचा कुपा लक्षद्वीपात मिनिकॉय बेटावर उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवितात आणि त्यास 'मासमीन' म्हणतात. ह्या कात्सुओबुशीचे विकराने विघटन केल्यावर पाच आम्लांचे एक पेप्टाइड मिळाले. गंमत अशी की पोटात गेल्यावर त्याची मागची दोन आम्ले गळून पडतात, आणि उरलेला तीन आम्लांचा तुकडा मूळच्यापेक्षा अधिक प्रभावी ठरतो. जपानने १९९१ साली विशिष्ट आरोग्यगुण असलेल्या अन्नाची एक स्वतंत्र सरकारी वर्गवारी निर्माण केली, आणि पुढे ह्या माशाच्या व तारलीच्या पेप्टाइडांपासून केलेल्या पदार्थांना तीत स्थान मिळाले.

ही पेप्टाइडे करतात कशी, ते थोडक्यात सांगतो. ती कृती एखाद्या पाकशास्त्राच्या पुस्तकात शोभावी इतकी सरळ आहे. डोकी, कणे, कातडी बारीक करून त्यांत पाणी मिसळावयाचे. साधारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या उष्णतेवर ते ठेवून त्यात विकर घालावयाचे. हे विकर जंतूंपासून मिळविलेले असते, किंवा कच्च्या पपईच्या चिकातील 'पपेन'ही चालते. मटण लवकर शिजावे म्हणून पपईची फोड घालणाऱ्या गृहिणीला ह्या विद्येचे मर्म न शिकताच अवगत असते. काही तास मिश्रण ढवळीत राहावयाचे, मग ते एकदम तापवून विकराचा जोर मारावयाचा, तेल व हाडे वेगळी काढावयाची, आणि उरलेले पाणी गरम हवेच्या झोतात फवारून त्याची भुकटी करावयाची. खवले व कातडी यांतील प्रथिन मुख्यतः कोलॅजेन जातीचे असते. ते आधी आम्लात मुरवून, तापवून जिलेटिन करतात व मग तोडतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, जी १९५७ साली स्थापन झाली, माशांच्या खवल्यांपासून असे कोलॅजेन पेप्टाइड तयार करण्याची पद्धत बसविलेली आहे. तेव्हा ही केवळ परदेशातील वार्ता राहिलेली नाही.

कृती सरळ आहे, परंतु तिच्यात एक खोड आहे. तोड फार झाली की भुकटी कडू लागते. प्रथिनाच्या घडीत आत लपलेली काही आम्ले तोडीमुळे उघडी पडतात आणि जिभेला कडवट भासतात. कमी तोडावे तर गुण प्रकट होत नाही, अधिक तोडावे तर तोंडात धरवत नाही. ह्या दोहोंमधील नेमकी जागा गाठणे हीच कारखानदाराची खरी कसोटी होय.

चवीची गोष्ट क्षुल्लक समजू नये, कारण तिच्यामुळे एक मोठा मनोरथ पूर्वी धुळीस मिळालेला आहे. विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत सगळ्या जगाला माशाच्या प्रथिनाच्या भुकटीने मोहिनी घातली होती. सबंध मासा दळून, त्यातील चरबी अल्कोहोलासारख्या द्रावकाने काढून घेऊन पांढरी, निर्गंध भुकटी करावयाची आणि ती पिठात मिसळून गरीब देशांतील मुलांचे कुपोषण दूर करावयाचे, असा तो संकल्प होता. १९६७ साली अमेरिकेच्या सरकारने अशा भुकटीला अन्न म्हणून परवानगीही दिली. पण ती पाण्यात विरघळत नसे, दाताखाली कचकच करी, पिठाचा पोत बिघडवी, आणि हिशेबाला बसे तेव्हा स्वस्तही पडत नसे. ज्यांच्यासाठी ती केली त्यांनी ती मागितली नव्हती. काही वर्षांत तो सारा खटाटोप विरून गेला. आजची पेप्टाइडाची भुकटी पाण्यात विरघळते, हा तिचा त्या जुन्या भुकटीवरचा मोठा लाभ आहे; पण खाणाऱ्याच्या जिभेला विचारल्यावाचून केलेली योजना पुन्हा त्याच वाटेने जाईल.

आता गुणांकडे वळू. रक्तदाबाचे सांगितलेच. ह्याखेरीज शरीरातील घातक ऑक्सिडीकरणाला आळा घालणारी, चुना म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारी, जंतूंची वाढ रोखणारी, त्वचा व सांधे यांना उपकारक अशी कितीतरी पेप्टाइडे मासळीच्या उरलेल्या भागांतून काढल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध होत असतात. परंतु ह्यांपैकी बहुसंख्य गुण काचेच्या नळीत दिसून आलेले आहेत. त्यांतील थोडे उंदरांत दिसले, आणि त्याहून फार थोडे माणसांत. नळी, उंदीर आणि माणूस ह्या तीन पायऱ्या एकमेकींपासून वाटतात त्यापेक्षा कितीतरी दूर आहेत.

ह्याचे कारण सापाच्या विषाच्या कथेत आलेले आहेच. आपले पोट आणि आतडी यांचा जन्मच मुळी प्रथिने तोडण्यासाठी आहे. बाहेर कष्टाने घडविलेला शब्द तेथे पोचला की पाचक विकरे त्याची पुन्हा अक्षरे करून टाकतात. दोन-तीन आम्लांची काही पेप्टाइडे मात्र ह्यातून निसटतात. आतड्याच्या भिंतीत त्यांना आत घेणारी स्वतंत्र व्यवस्थाही आहे. विशेषतः ज्यांत 'प्रोलीन' हे आम्ल असते ती तोडावयास चिवट असतात. कोलॅजेनात प्रोलीन आणि त्याचे भावंड हायड्रॉक्सिप्रोलीन ही विपुल. म्हणून कोलॅजेन पेप्टाइड खाल्लेल्या माणसांच्या रक्तात त्याचे बारीक तुकडे खरोखर आढळतात, असे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखविले. परंतु रक्तात पोचणे निराळे आणि रोग हटविणे निराळे. माणसांवरील प्रयोगांत माशाच्या पेप्टाइडांनी रक्तदाब उतरला असे जेथे दिसले, तेथेही तो काही मिलिमीटरच उतरला. कॅप्टोप्रिलच्या मानाने त्यांचा जोर अनेक पटींनी कमी आहे. जपानने ज्या पदार्थास मान्यता दिली त्याच कात्सुओबुशीच्या पेप्टाइडाचा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेपुढे आला, तेव्हा तिने २०१० साली, कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निर्णय दिला. दोन सुज्ञ राष्ट्रसमाज एकाच पुराव्याकडे पाहून दोन निराळी मते देतात, ह्यावरून पुराव्याचे बळ किती हे श्रोत्यांनीच ताडावे.

येथे मला तंजावरच्याच एका जुन्या प्रथेची आठवण होते. सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, राजवाड्याच्या आश्रयाने 'धन्वंतरी महाल' नावाची वैद्यकसंस्था होती. तेथे देशी व विलायती अशा दोन्ही पद्धतींचे उपचार होत, औषधे तयार होत व पारखली जात, आणि जी उतरली त्यांचे संग्रह लिहून ठेवण्यात येत. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, नेत्ररोग्यांचे कागद राखलेले आहेत. रोग्याचे डोळे कसे होते त्याची रंगीत चित्रे, व्याधीचे वर्णन आणि काय उपाय केला त्याची नोंद. औषध उत्तम आहे असे वैद्याने म्हणणे पुरेसे नव्हे. ते कोणास दिले, त्याचे पुढे काय झाले, हे माणसागणिक लिहून ठेवले पाहिजे, ही जाणीव त्या कागदांत आहे. आज दुकानात पेप्टाइडाच्या डब्यावर जे छापलेले असते त्याच्या पाठीमागे असा कागद कितीसा असतो, हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आपल्या देशात २००६ सालचा अन्नसुरक्षा व मानके कायदा आहे. त्याखाली पूरक आहार आणि पोषक पदार्थ यांसाठी २०१६ साली स्वतंत्र नियम झाले. असा पदार्थ रोग बरा करतो असे म्हणण्याची मुभा हे नियम देत नाहीत. रक्तदाबाच्या रोग्याने डब्यावरील चित्राला भुलून आपली रोजची गोळी सोडली, तर माशाचे पेप्टाइड त्याच्या मदतीला धावून येणार नाही. आणखी एक गोष्ट: कोलॅजेन हे अपुरे प्रथिन आहे. ट्रिप्टोफेन हे शरीराला अत्यावश्यक असणारे आम्ल त्यात मुळीच नाही. जेवणातील डाळ, दूध किंवा मासा यांच्या जागी ते चालणार नाही. आणि ज्यांना मासळी किंवा कोळंबी मानवत नाही, अंगावर पित्त उठते, त्यांनी तर ह्या भुकटीपासून दूरच राहावे.

मग ह्या सगळ्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. फक्त तो डब्यावरील चित्रात शोधावयाचा नाही. तो समजण्यासाठी क्षणभर समुद्र सोडून भाताच्या गिरणीत यावे लागेल.

तंजावर हे दक्षिणेचे धान्याचे कोठार. तेथे आज जी राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था आहे, तिचा आरंभ १९६७ साली तिरुवारूरच्या भातगिरणीतील एका लहानशा प्रयोगशाळेत झाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. पुढे १९७२ साली तिला भातप्रक्रिया संशोधन केंद्राचे रूप आले, आणि २०२१ साली तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. भात सडला की तांदळाबरोबर कोंडा निघतो. कोंड्यात उत्तम तेल असते, पण तो गुरांच्या दावणीतच जात असे. असे का? तर सडताना दाण्याचे पापुद्रे फुटतात, कोंड्यातील एक विकर तेलाशी भिडते, आणि काही तासांतच तेल खवट होऊ लागते. कोंडा गिरणीतून निघाल्याबरोबर तापवून ते विकर निकामी केले, किंवा भात आधीच उकडलेला असला, तर तोच कोंडा माणसाच्या खाण्याचे तेल देतो. कोंड्याचा रासायनिक गुण कोणी बदलला नाही. बदलले ते पहिल्या काही तासांतील वागणे.

माशाच्या डोक्याचे आणि आतड्याचे अगदी असेच आहे. त्याच्या पोटातील विकरे मासा मेला म्हणून थांबत नाहीत. ती स्वतःच्याच मांसावर चालू लागतात, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत जंतू त्यांच्या मदतीला येतात. बांगडा, तारली, कुपा ह्या मासळीत तर अशा वेळी हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते एकदा झाले की उकळूनही जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर लाली, चुणचुण व डोकेदुखी उठते. दिवसभर टोपलीत, माशांच्या घोंगावण्यात राहिलेल्या डोक्यांपासून कितीही नामांकित विकर घालून माणसाच्या आहाराचे पेप्टाइड करता येणार नाही. मांसाला बर्फ आणि डोक्याला ऊन हा जो भेद आपण धक्क्यावर करतो, त्याच क्षणी त्या डोक्याची किंमत ठरून जाते. ते अन्न म्हणून हाताळले तर अन्न राहते. कचरा म्हणून हाताळले की कचरा होते.

जे असे जपता आले नाही त्याचाही मार्ग खुंटत नाही, फक्त तो माणसाच्या ताटाकडे जात नाही. ताज्या अवशेषांत थोडे फॉर्मिक आम्ल मिसळून ठेवले की जंतू दबतात आणि माशाची स्वतःचीच विकरे त्याचा पातळ रस करून टाकतात. हा रस कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात जातो. कावेरीच्या खोऱ्यातील सेंद्रिय शेतकरी तर ह्याहूनही साधे करतात. माशाचे अवशेष आणि गूळ एका मडक्यात घालून तोंड बांधून ठेवावयाचे आणि काही आठवड्यांनी निघणारा मधासारखा रस पाण्यात पुष्कळ पातळ करून पिकावर फवारावयाचा. त्यास तमिळमध्ये 'मीन अमिलम' म्हणतात. त्या रसात काय असते? तुटलेले प्रथिन, म्हणजे पेप्टाइडे आणि अमिनो आम्ले. तंजावर जिल्ह्यातीलच एलंगाडू गावी १९३८ साली जन्मलेल्या जी. नम्माळ्वार यांनी नैसर्गिक शेतीचा जो प्रसार आयुष्यभर केला, त्याच्या वातावरणात असल्या घरगुती द्रावणांना तमिळ शेतकऱ्यांत मोठा मान मिळाला. प्रयोगशाळेतील झगमगत्या पोलादी पात्रात जे घडते त्याचाच हा मडक्यातील गरीब भाऊबंद आहे, आणि माझ्या मते आज तरी ह्या किनाऱ्यावर त्याचाच हिशेब सगळ्यांत खात्रीने जुळतो.

परंतु माणसाच्या आहारात जाण्यासारखे जे आहे ते तिकडे जावे, हे ध्येय सोडता कामा नये. मुलांच्या पिठात, सारात, आजाऱ्याच्या पेजेत मिसळता येईल असे पचावयास हलके, विरघळणारे प्रथिन माशाच्या कण्याला चिकटून राहिलेल्या मांसापासून मिळू शकते. त्याला रक्तदाबाच्या दाव्याची मुळीच गरज नाही. ते अन्न आहे एवढा त्याचा गुण पुरे. नागपट्टिणम हे १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते. तेथे २०१२ साली तमिळनाडूचे मत्स्यविद्यापीठ स्थापन झालेले आहे. विद्या जवळ आहे, भातगिरण्यांतून कोंडा जपण्याचा अनुभव जवळ आहे, आणि मासळी तर दारातच आहे.

योजनांचे कागद वाचणे हा माझ्या नोकरीचा भाग असल्यामुळे दोन गोष्टी मात्र मला प्रत्येक वेळी शोधाव्या लागतात, आणि त्या बहुधा सापडत नाहीत. पहिली, डोके आणि कणा बर्फात ठेवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा. धक्क्यावर मासळी साफ करणारी बाई दिवसाच्या मजुरीवर असते. आजवर जे ती फेकून देत होती ते तिने निराळ्या टोपलीत, धुऊन, बर्फ घालून ठेवावे असे वाटत असेल, तर त्या टोपलीचा भाव तिच्या हातात पडला पाहिजे. तो भाव न ठेवता खवल्यांचे कोलॅजेन शहरातील त्वचेच्या मलमात गेले, तर किनाऱ्यावर बदल होईल तो एवढाच की कचरा उचलण्यास आता दुसरा मालक आला. दुसरी गोष्ट पंचांगाची. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कारखान्याचे पात्र रिकामे, बर्फाचा कारखाना अर्धवट आणि टोपलीवाली घरी. रोहू-कटल्याच्या तळ्यांवरून त्या काळात खवले आणता येतील काय, त्यांचा दर काय पडेल, आणि गोड्या पाण्यातील ह्या माशांच्या खवल्यांसाठी तीच कृती जशीच्या तशी चालेल की तापमान बदलावे लागेल, ह्याचे गणित आराखड्याच्या पहिल्या पानावर असावयास हवे.